मनगटावरची वर्णव्यवस्था

"कापसावर लिही, शिष्यवृत्तीवर लिही, घरकुलावर लिही. घड्याळावर काय लिहून राह्यला बे? अन् तेही स्वित्झर्लंडच्या?" आमच्या वर्ध्यातल्या एका कार्यकर्त्याने मला सुनावले. सवाल रास्त आहे. २००६ साली पंतप्रधानांच्या पॅकेजसाठी विदर्भातले शेतकरी आत्महत्यांचे जे सहा जिल्हे निवडले गेले त्यांत वर्धा होता. अशा जिल्ह्यात बसून, कोट्यवधींची घड्याळे जमवणाऱ्या शौकिनांवर शाई का नासावी?

तरी मी नासणार आहे. कारण या शौकामागे जो विचार आहे तो आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. याच विचाराने आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर बसवले. आता तो टाय लावून, इंग्रजी बोलत, काचेच्या दुकानात उभा आहे. आपल्यातली शिकलेली पोरे त्या काचेला नाक लावून आत बघू लागली आहेत. म्हणून दोस्तहो, हा विषय परका नाही.

आधी व्यवहार समजून घेऊ. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी जिनिव्हाच्या एका लिलावात पाटेक फिलिप कंपनीचे एक मनगटी घड्याळ ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकना विकले गेले. आपल्या रुपयांत दोनशे कोटींच्या वर. लिलाव धर्मादाय होता, पैसा स्नायूंच्या एका दुर्धर आजाराच्या संशोधनासाठी होता. ते चांगलेच झाले. पण बोली कशावर लागली ते बघा. घड्याळ सोन्याचे नव्हते, साध्या पोलादाचे होते. त्या जातीचे पोलादी घड्याळ कंपनीने एकच बनवले होते आणि तबकडीवर इंग्रजीत तसे लिहूनही टाकले होते : 'हे एकमेव'. म्हणजे दोनशे कोटी धातूचे नव्हेत. कारागिरीचे थोडेफार असतील. उरलेले सगळे, ते दुसऱ्या कुणाकडेच नाही याचे!

यालाच ते 'लिमिटेड एडिशन' म्हणतात. कंपनीला पाच हजार नग बनवता येतात. ती ठरवून पन्नास बनवते आणि प्रत्येकाच्या पाठीवर पन्नासातला कितवा तो आकडा कोरते. माल कमी पडला म्हणून टंचाई होत नाही, टंचाई व्हावी म्हणून माल कमी काढला जातो. कोठारात ज्वारी असताना गावात दुष्काळ कसा ठेवायचा हे आपल्याकडच्या सावकाराला कोणी शिकवले नव्हते. तीच विद्या आहे ही, फक्त पॉलिश केलेली.

घड्याळाचे काम वेळ दाखवायचे. त्या कामात ही कोट्यवधींची यंत्रे कधीच मागे पडली आहेत. १९६९ च्या नाताळात जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते इतके स्वस्त झाले की हमालाच्या मनगटावरही आले. चावीचे उत्तम स्विस घड्याळ दिवसाला चार-सहा सेकंद पुढेमागे झाले तरी त्याला अचूकतेचा दाखला मिळतो. आपल्या बाजारातले साधे सेलचे घड्याळ महिनाभरात पंधरा-वीस सेकंद चुकते. वेळेच्या कसोटीवर दोनशे रुपयांचे घड्याळ दोनशे कोटींच्या घड्याळाला हरवते!

याचा फटका बसला तो स्विस कामगारांना. १९७० च्या सुमारास त्या धंद्यात नव्वद हजारांच्या आसपास माणसे होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती तीस हजारांवर आली. हे कामगारही साधे नव्हते. ज्युरा डोंगरातल्या घड्याळजींमध्ये १८७२ साली क्रोपोटकिन राहून आला आणि तिथूनच अराजकवादी होऊन निघाला, इतकी ती माणसे स्वतंत्र बाण्याची होती. त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण मालकांनी काय केले? अचूक वेळ सगळ्यांची झाली आहे, आता ती विकून भागणार नाही, हे त्यांनी ओळखले. मग त्यांनी वेगळेपण विकायला काढले. जी वस्तू सगळ्यांच्या हाती आली तिच्यातून पुन्हा मूठभरांची वस्तू कशी बनवायची, हाच त्यांचा नवा धंदा.

ओळखीचे वाटते ना? शाळा सगळ्यांना उघडली की वेगळी शाळा निघते. पाणवठा सगळ्यांना उघडला की वेगळी बाटली निघते.

आता या शौकिनांचे नियम बघा. जुने घड्याळ विकायला निघाले की पहिला प्रश्न : कागद आहेत का? मूळ डबा, मूळ पावती, मूळ दाखला. आधी कुणाच्या मनगटावर होते, त्याच्या आधी कुणाच्या? ही कुळी चांगली निघाली की भाव चढतो. दुसरा प्रश्न : शुद्ध आहे का? एका घड्याळात दुसऱ्याचा काटा आणि तिसऱ्याची तबकडी बसवलेली निघाली तर ते कितीही बिनचूक चालो, शौकीन त्याला बाटलेले समजतात. इंग्रजी कादंबरीतल्या, मुडद्यांचे तुकडे जोडून बनवलेल्या जिवावरून त्याला ते 'फ्रँकन' घड्याळ म्हणतात. रंग उडालेली तबकडी पुन्हा रंगवली तरी भाव पडतो. संकर झाला की पत गेली! मनूला हे लोक भेटले असते तर त्याने त्यांना मांडीवर बसवले असते.

तिसरा नियम सगळ्यांत बोलका. काही बड्या कंपन्यांची नावाजलेली मॉडेले नुसते पैसे घेऊन गेलात तर मिळत नाहीत. यादीत नाव घालतात. त्या दुकानातून आधी काय काय घेतले, तुमची वट किती, हे बघतात. मग वर्षा-दोन वर्षांनी बोलावणे आले तर आले. नवश्रीमंताला तिथे उंबऱ्यावर उभे करतात. म्हणजे पैशानेही जे विकत मिळत नाही ते काहीतरी तिथे असते. आणि खालचा प्रत्येक जण वरच्याकडे आशेने व आपल्या खालच्याकडे तुच्छतेने बघतो. दहा लाखांचे घड्याळवाला लाखाच्या घड्याळवाल्याला हसतो, कोटीचा दहा लाखवाल्याला. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच. ही उतरंड टिकते कारण प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी ठेवलेले असते.

यात देवही आला. २०२५ च्या मार्चमध्ये एका हिंदी सिनेनटाच्या मनगटावर राम जन्मभूमीचे मंदिर कोरलेले घड्याळ झळकले. परदेशी कंपनीचे, मोजकेच नग, किंमत सुमारे ३४ लाख. ज्या रामाच्या दारात जाऊ द्या म्हणून नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे १९३० पासून पाच वर्षे आपल्या माणसांनी लाठ्या-दगड खाल्ले, तो राम आता मर्यादित आवृत्तीत निघाला. त्यांच्या लेखी तो मर्यादितच होता म्हणा. आता आकडाही कोरला, एवढेच.

'लिमिटेड एडिशन' ही कल्पना या देशाला स्वित्झर्लंडने दिली असे कोणी समजू नये. १९२८ साली इंदूर संस्थानातल्या बलाई समाजाला सवर्ण गावकऱ्यांनी हुकूम सोडले : जरीकाठी पागोटी बांधायची नाहीत, तुमच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. 'जातिभेद निर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी हे नोंदवले आहे. हे फर्मान का निघाले? बलायांनी दागिने घातल्याने सवर्णांच्या तिजोरीतले तोळाभर सोनेही कमी होणार नव्हते. कमी होणार होता तो त्यांच्या सोन्याचा रुबाब. दागिना सगळ्यांच्या गळ्यात आला की तो नुसता दागिना उरतो.

आणि वेळेवरही त्यांनी कुंपण घातले होते. पेशवाईत सकाळी नवाच्या आत आणि दुपारी तीननंतर महार-मांगांना पुण्याच्या वेशीतून आत जाण्याची बंदी होती, असे समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी लिहून ठेवले आहे. कारण त्या वेळी सावली लांब पडते आणि ती ब्राह्मणाच्या अंगावर पडली तर तो विटाळतो. आपल्या लोकांना घड्याळ ठाऊक नव्हते तेव्हा त्यांच्या अंगाची सावली हेच त्यांचे घड्याळ होते, आणि त्याची चावी दुसऱ्याच्या हातात होती.

हे सगळे इतिहासजमा झाले म्हणाल तर २०१५ साली शिर्डीत मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून आपल्या एका पोराचा खून झाला. २०२३ साली गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून एका दलित तरुणाला झोडपले. गॉगल काही कोटीचा नव्हता. पण मारणाऱ्यांच्या डोक्यात त्याची आवृत्ती ठरलेली होती आणि त्यात या पोराचा नंबर नव्हता.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. वर्ध्याजवळचे सेवाग्राम. गांधी १९३६ साली इथे राहायला आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते, १९४० साली सेवाग्राम झाले. त्यांच्या मोजक्या चीजवस्तूंमध्ये कमरेला लटकणारे घड्याळ होते. वेळेचे ते फार काटेकोर. पुढे काय झाले? ५ मार्च २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये, घड्याळांच्या लिलावांसाठी प्रसिद्ध असलेल्या अँटिकोरम या पेढीत गांधींचे झेनिथ कंपनीचे खिशातले घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि ताटली असा संच लिलावाला निघाला. विकणाऱ्या अमेरिकन संग्राहकाने म्हटले, भारत सरकार गरिबांच्या आरोग्यावरचा खर्च वाढवत असेल तर मी लिलाव मागे घेतो. सरकारने ती अट मानली नाही. संच १८ लाख डॉलरला गेला, त्या वेळच्या भावाने नऊ कोटींच्या वर. घेतला कोणी? विजय मल्ल्या यांनी, दारूच्या कारखानदाराने! दारूबंदी हे ज्याचे व्रत त्याचे घड्याळ दारूच्या पैशाने आले आणि देशाने टाळ्या वाजवल्या. तीन वर्षांनी, २०१२ च्या ऑक्टोबरात, त्याच मल्ल्यांची विमान कंपनी जमिनीवर बसली. नोकरांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते. २०१६ च्या मार्चमध्ये मालक देश सोडून गेले.

त्याच २००९ साली माँ ब्लाँ कंपनीने गांधींच्या नावाने सोन्याची तार गुंडाळलेले २४१ पेन काढले, एकेकाची किंमत अकरा लाखांच्या वर. दांडीयात्रा २४१ मैलांची म्हणून पेनही २४१! प्रकरण कोर्टात गेल्यावर २०१० साली विक्री थांबली. सेवाग्रामच्या आश्रमातून गांधींचा चष्मा चोरीला गेल्याचे २०११ साली उघड झाले. २०२० साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला आणखी एक मोडके खिशातले घड्याळ १२ हजार पौंडांना विकले गेले. ते गांधींनी १९४४ साली एका सुताराला दिले होते, असे विकणाऱ्यांनी सांगितले.

गांधीवाद्यांनी यावर हळहळ व्यक्त केली. मी हळहळत नाही, मी एक प्रश्न विचारतो. गरिबीचा लिलाव कुणाच्या नावावर होतो? बॅरिस्टरने स्वतःहून पंचा नेसला, म्हणून तो पंचा दुर्मिळ. आमच्या आज्या-पणज्यांच्या अंगावरही वीतभरच कापड होते. ते कुणी व्रत म्हणून नेसले नव्हते, दुसरे नव्हते म्हणून नेसले होते. त्या चिंधीला न्यूयॉर्कात कोण बोली लावील? गरिबी निवडणारा एखादाच असतो, म्हणून त्याची 'लिमिटेड एडिशन' निघते. गरिबी लादलेले कोट्यवधी असतात. या बाजारात कोट्यवधींच्या वस्तूला भाव नसतो.

बाबासाहेबांनी म्हणूनच पंचा नेसला नाही. ते कोट-टाय घालून उभे राहिले. जे तुम्ही आम्हाला नाकारले ते आम्ही अंगावर घालू, हा त्या कोटाचा अर्थ होता. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, त्यांचा टाईपरायटर, रोजच्या वापरातल्या वस्तू कार्यकर्त्यांनी मिळवून जपल्या आहेत. त्याही दुर्मिळच. पण त्या कुणाच्या तिजोरीत बंद नाहीत आणि त्यांची किंमत त्या किती कमी लोकांना दिसतात यावर ठरत नाही. वस्तू जपायला माझा विरोध नाही. सगळ्यांनी बघावे म्हणून जपणे आणि दुसऱ्या कुणाला मिळू नये म्हणून जमवणे, यांत दीक्षाभूमी आणि सावकाराची तिजोरी यांच्याएवढे अंतर आहे.

इथे आपला एखादा अधिकारी झालेला भाऊ म्हणेल, "मग आम्ही काय लंगोटी लावून हिंडावं? कमावलं तर मनगटावर चांगलं घड्याळ बांधू नये?" बांध भाऊ, बेलाशक बांध. त्याग करा हे आपल्याला सांगणारे पुष्कळ झाले. ज्यांच्या ताटात कधी वाढलेच नाही त्यांना उपवासाचे पुण्य कशाला सांगता? आपल्या वस्त्यांमध्ये लग्नात जावयाला सायकल, रेडिओ आणि घड्याळ देत. ते घड्याळ बहुतेक वेळा एचएमटीचे असे. १९६१ साली बंगलोरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने हा सरकारी कारखाना निघाला. त्याच्या एका मॉडेलचे नावच 'जनता' होते. पांढरी तबकडी, रोज चावी द्यायची. ते हातात आल्यावर पाटलाला "टाइम काय झाला मालक?" म्हणून विचारावे लागेना. आपल्या माणसाने मनगट वर करून स्वतःची वेळ स्वतः बघितली. ती केवढी मोठी गोष्ट होती! २०१६ साली सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. आणि आता शहरातले शौकीन त्याच 'जनता'च्या मागे लागले आहेत, डबा आहे का, तबकडी मूळची आहे का विचारत. जनता होती तोवर तिला कोणी विचारले नाही. ती बनायची बंद झाली तेव्हा तिला भाव आला.

तेव्हा भावा, चांगली वस्तू आणि दुसऱ्याला मिळू नये अशी वस्तू, या दोन वेगळ्या आहेत. पहिलीवर आपला हक्क आहे, तिच्यासाठी भांडू. दुसरी हातात आली की समज, तू उतरंड मोडली नाहीस, तिच्यात एक मडके वर सरकलास. दुकानाच्या यादीत तुझे नाव लागले म्हणून तुझ्या मायबापाचे नाव गावाच्या यादीत लागत नाही.

खरी लढाई घड्याळाची नाही, त्यात दिसणाऱ्या तासांची आहे. आमच्या जिल्ह्यात हिंगणघाट, पुलगावला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत कापडगिरण्या निघाल्या. गिरणीचे घड्याळ म्हणजे भोंगा, आणि तो मालकाचा. नारायण मेघाजी लोखंड्यांनी लढून १० जून १८९० ला गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ च्या दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. आठवड्याला सहा तास! जिनिव्हातल्या कोणत्या घड्याळाने माणसाला सहा तास दिले आहेत? आपल्या चळवळीचा ठेवा म्हणाल तर तो हा आहे. आणि तो कोट्यवधी कामगारांना मिळाला.

आता २०२५ साली काय झाले ते शेजारी शेजारी ठेवून बघा. ऑगस्टमध्ये केंद्राने बाहेरून येणाऱ्या कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढले. ते आधी सप्टेंबरअखेरपर्यंत होते, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवले. म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या हंगामात. सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. १ ऑक्टोबरला स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी केलेला व्यापार करार लागू झाला, त्यात स्विस घड्याळांवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. तीन महिन्यांत तीन निर्णय. वर्ध्याच्या कापसाचा भाव दाबला, कामगाराचा दिवस लांबवला आणि शौकिनाचे घड्याळ स्वस्त केले!

सांगतात, जादा तासांना कामगाराची संमती लागेल, जादा पैसेही मिळतील. संमती! उद्या काम मिळेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही त्याची संमती म्हणजे गळफासाला विचारलेली गळ्याची संमती. आणि कापूस वेचणारी आमची बाई तर या कायद्यात कुठेच नाही. तिला मजुरी किलोवर मिळते. ती किती वाजता घरून निघाली, किती तास वाकली, हे कोणत्याच घड्याळात मोजले जात नाही.

म्हणून आपल्या शाखांच्या पोरांना माझे सांगणे आहे. काचेला लावलेले नाक काढा. वस्तीत एक वही घाला. जिनिंगवर, एमआयडीसीत, वेचणीला, शहरात झाडू मारायला कोण किती वाजता जाते, किती वाजता परत येते, हातात किती पडते, हे रोज लिहा. खिशातल्या साध्या मोबाईलमध्येही वेळ अचूक दिसते, तेवढी पुरे. महिन्याभराने वस्तीच्या बैठकीत ती वही मोठ्याने वाचा आणि तिच्या नकला काढून कामगार अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवा. बारा तासांच्या विरोधात मोर्चा काढायचा तर हातात घोषणेबरोबर हिशेबही पाहिजे. ते घड्याळे जमवतात, जमवू द्या. आपण आपले तास जमवू, एकेक मोजून. आणि ज्याने ते घेतले त्याच्याकडून वसूल करू.

जय भीम!